कॅप्टनची पणती

“आता शेवटची सफर तेवढी राहिलीये,” असं म्हणून बाई समोरच्या कागदांचा गठ्ठा हलकेच थोपटायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं पुस्तक महिन्या-दोन महिन्यांत छापून होणार. पुढे कळलं की हे वाक्य त्या चोपन्न वर्षं म्हणत आल्या होत्या. मी ज्या वर्षी जन्मले त्या वर्षीसुद्धा शेवटची सफर तेवढीच राहिली होती.

मी त्यांना बाई म्हणते, कारण त्यांचं नाव सांगायचं नाही असं मी ठरवलंय. त्यांच्या घराण्याला आपल्या नावाचा किती अभिमान आहे हे मी जवळून पाहिलंय, आणि पुढे जे सांगणार आहे ते वाचून त्यातल्या कुणाच्या मनाला लागायला नको.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरच्या जवळ, श्रूजबरीच्या आसपास आम्ही राहायचो. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत. मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. गाडी सकाळी सात वाजता नवऱ्याबरोबर जायची, मुलगी शाळेच्या पिवळ्या बसमधून जायची आणि मी खिडकीत. रस्त्याला फुटपाथ नव्हता. नागपुरात सरकारी कचेरीच्या नकला विभागात सहा वर्षं टायपिस्ट होते मी. आमच्या वस्तीतली सरकारी नोकरीत गेलेली पहिली मुलगी. वडील पत्राच्या शेवटी जयभीम लिहून खाली न चुकता विचारायचे, “तिकडे काही काम लागलं का?” मी त्या ओळीचं उत्तर देत नसे.

समोरच्या पांढऱ्या लाकडी घरात बाई एकट्या राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, केस छोटे आणि अंगावर पुरुषी स्वेटर. एकदा मी पत्र टाकायला निघाले होते. साडीवर नवऱ्याचा कोट आणि पायात बर्फाचे बूट, असा माझा अवतार. बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू कुणाकडे काम करतेस?”

“कुणाकडेच नाही.”

“टाइप करता येतं?”

अमेरिकेत येऊन दीड वर्ष झालं होतं. मला काय येतं हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी पत्र हातात तसंच ठेवून त्यांच्या घरात गेले.

त्या घराची एक गंमत तुमच्याही लगेच लक्षात आली असती. आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. चौकटी होत्या, बिजागऱ्या होत्या, बिजागऱ्यांवर रंगाचे थर होते, पण दारं काढून टाकलेली. न्हाणीघरालासुद्धा नुसता जाड पडदा. तुम्ही आत गेलात की बाई स्वयंपाकघरात मोठ्यांदा चर्चमधलं गाणं म्हणायला लागायच्या, म्हणजे तुम्हाला निर्धास्त वाटावं. मी विचारलं तर म्हणाल्या, “कॅप्टनना मोकळी हवा आवडायची.”

कॅप्टन म्हणजे त्यांचे पणजोबा. जाऊन शंभरावर वर्षं झालेली, पण घरात वावर त्यांचाच. बाईंच्या प्रत्येक गोष्टीला त्यांची मंजुरी लागायची. माझे पोहे त्यांनी चमच्याने खाल्ले आणि निकाल दिला, “कॅप्टनना आवडले असते.” टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष बोलायला लागले की, “कॅप्टनना हे पटलं नसतं.” चहाच्या पिशव्या, प्लास्टिकचे चमचे, शेजाऱ्याचं बर्फ ढकलायचं यंत्र, यातलं काहीही कॅप्टनना पटलं नसतं. माझ्या साडीबद्दल मात्र त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं, “त्यांनी कलकत्त्याला पाहिल्या असणार. त्यांची हरकत नसेल.”

हा कॅप्टन इंग्लंडचा. एकोणिसाव्या शतकात तिकडून गरिबीला कंटाळलेली माणसं अमेरिकेला यायची, त्यांना आणणाऱ्या शिडाच्या जहाजावरचा. माणसं डेकखाली, जहाजाच्या पोटात, एकेका फळीवर चौघं चौघं. कॅप्टनचं कुटुंब वर, मागच्या केबिनमध्ये. बायको चार सफरींत बरोबर होती, दोन मुलं समुद्रावरच झाली. कॅप्टनने सतरा सफरी केल्या. शेवटच्या सफरीत भयंकर वादळ आलं, त्यातून त्याने जहाज सुखरूप आणलं आणि मग समुद्र सोडला तो कायमचा. किनाऱ्यापासून चाळीस मैल आत, जिथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही अशा या गावात त्याने घर घेतलं, धान्याचं आणि शेतीच्या अवजारांचं दुकान टाकलं. सहा मुलं, मग त्यांची मुलं, असा पसारा वाढला. आता दर उन्हाळ्यात त्याच घराच्या मागच्या हिरवळीवर सगळं घराणं जमायचं. शेकड्याने माणसं, तंबू, शेगड्यांवर मका, आणि सगळ्यांच्या टी-शर्टवर कॅप्टनचं दाढीवालं चित्र.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात ना, तसा त्यांना छापायचा होता. तो लिहिणं हे बाईंचं काम. बाई चोवीस वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांना पश्चिमेकडे, सिएटलच्या बाजूला, एका शाळेत नोकरी मिळाली होती. ट्रंक भरून झाली होती. वडिलांनी कॅप्टनची पत्रं आणि त्याच्या बायकोच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. “दोन वर्षांचं काम आहे,” म्हणाले, “तेवढं कर आणि जा.” मग वडील आजारी पडले. मग गेले. मृत्युपत्रात घर भावाच्या नावावर, बाईंना राहायचा हक्क, पण कागद सांभाळतील तोवर. भाऊ गेल्यावर घर त्याच्या मुलाकडे आलं आणि अट तशीच राहिली. हे सगळं बाई मला हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगायच्या. मी एकदा म्हटलं, “म्हणजे तुम्ही कागद सांभाळता की कागद तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “बिस्किट घे.”

बिस्किटं प्रत्येकी दोन. चार वाजता.

माझं काम सोपं होतं. बाई एकेक वही द्यायच्या, मी जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांच्या जुन्या मशीनवर टाइप करायची. कॅप्टनच्या बायकोचं अक्षर बारीक, पण शहाणं. समुद्रावर बाळंत होताना खलाशांना पाणी तापवायला कसं सांगितलं, कोंबड्या किती उरल्या, धाकट्याला दात आला, असं सगळं त्यात होतं. ती बाई मला आवडायला लागली. महिन्याभरात माझी बोटं पूर्वीसारखी पळायला लागली. घरी गेल्यावर मी भाजी चिरताना गुणगुणतेय हे नवऱ्याच्या लक्षात आलं.

“अगं, तू तिची फ्री टायपिस्ट झालीयेस यार,” तो म्हणाला. “असिस्टंट म्हणून नाव तरी टाकून घे बुकमध्ये.”

“नाव नको मला. काम हवंय.”

“ठीक आहे बाबा. वीकेंडला ग्रोसरी कॅन्सल करू नको म्हणजे झालं.”

एप्रिल महिन्यात बाईंनी शेवटची वही काढली. ती त्या स्वतःजवळच ठेवायच्या, स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यामागे. मला देताना म्हणाल्या, “ही तेवढी राहिलीये,” आणि त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. दुपारभर मी एकटी होते.

वहीत चार पानांवर जाड काळ्या शाईने ओळीच्या ओळी खोडलेल्या होत्या. आता इथे मला माझ्या कचेरीबद्दल सांगायला हवं. नकला विभागात पहिल्या दिवशी मोठ्या बाबूंनी मला बजावलं होतं, “डोकं घरी ठेवून यायचं. डोळे आणि बोटं तेवढी आणायची. कागदावर आहे ते सगळं नकलेत आलं पाहिजे. खोडलेलं असलं तरी, वाचता येईल तेवढं वाचायचं, टाइप करायचं आणि कंसात लिहायचं, ‘मुळात खोडलेले’.” सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कुणी आपलं नाव घुसवलेलं असायचं, कुणाचं नाव खोडलेलं असायचं. खोडलेलंच पुढे कोर्टात महत्त्वाचं ठरायचं. माझ्या आजोबांचं नावसुद्धा एका जुन्या फेरफारात असंच खोडलेलं मी स्वतः वाचून काढलं होतं. तेव्हा खोडलेली ओळ सोडून द्यायची हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पान उचललं, खिडकीच्या काचेला लावलं. वरची शाई नवी आणि काळी, खालची जुनी, तांबूस. उजेडात खालचं अक्षर स्वच्छ वाचता आलं. मी शब्द न् शब्द टाइप केला, कंस टाकले. खोटं कशाला सांगू, टाइप करताना अर्थाकडे माझं पुरतं लक्षही नव्हतं. बोटं पळत होती आणि मला त्याचंच सुख होतं.

बाई आल्या. डोक्यावरची हॅट न काढताच वाचायला बसल्या. मी शाबासकीची वाट पाहत होते.

“हे कुठून आणलंस?” त्यांनी विचारलं.

“वहीतूनच.”

“ते खोडलं होतं.”

“हो, लिहिलंय ना तसं कंसात.”

“आमच्या घरात ते कुणी वाचत नाही,” त्या म्हणाल्या.

“का?”

“खोडलंय म्हणून.”

मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “वाच. मला चष्म्यातून नीट दिसत नाहीये.” त्यांना दिसत होतं. मी वाचलं, आणि वाचताना पहिल्यांदाच मला ते कळलं.

कॅप्टनच्या बायकोने लिहिलं होतं: “दोन दिवस झाले, खाली जायच्या जिन्याचं झाकण बंद आहे. लाटा वरून जातात, उघडं ठेवता येत नाही असं हे म्हणतात. वरून मेणकापड ठोकलंय. काल रात्रभर खालून ठोकण्याचा आवाज येत होता. सकाळी वारा कमी झाला. सुताराने दोनदा विचारलं, एक फळी काढू का? मीही म्हटलं, एकच काढा, हवेपुरती. हे म्हणाले, संध्याकाळी. दुपारनंतर आवाज थांबला. हे म्हणाले, बघ, झोपले. मी बाळाला घेऊन केबिनमध्ये बसले होते. आमचं दार उघडं होतं.” आणि पुढच्या पानावर, तेही खोडलेलं: “एकोणीस. त्यांत सात मुलं. नावं मला कुणी सांगेना.”

माझं वाचून झालं. बाई उठल्या, न्हाणीघराच्या चौकटीशी गेल्या, रंगाने बुजलेल्या बिजागरीवर अंगठा फिरवला आणि परत येऊन बसल्या. मोकळी हवा आवडणाऱ्या माणसाचं ते घर आम्ही दोघी पहिल्यांदाच बघत होतो.

“वडिलांनी माझ्यासमोर खोडलं हे,” बाई म्हणाल्या. “म्हणाले, खालचं वाचणार नाही असं वचन दे. मी दिलं. शेवटचं प्रकरण मी किती वेळा लिहिलं असेल! वादळ आलं, वादळ गेलं, एवढंच लिहिता यायचं. त्याच्यापुढे हात जायचा नाही. आणि ही खिडकी इथेच आहे. पान उजेडात धरायला किती वेळ लागतो?”

“दोन मिनिटं,” मी म्हटलं. असं बोलायला नको होतं. पण त्यांनी विचारलं आणि मला खरं तेच सुचलं.

“दोन मिनिटं,” बाई म्हणाल्या आणि हॅट काढून टेबलावर ठेवली.

पुढचे नऊ दिवस त्यांनी मला बिस्किटं दिली नाहीत, चहा दिला नाही, कॅप्टनचं मत सांगितलं नाही. वहीचं प्रत्येक पान स्वतः काचेला लावून माझ्या नकलेशी ताडून पाहिलं. एका ठिकाणी माझा स्वल्पविराम चुकला होता, तो दाखवला. आणि शेवटची सफर लिहून काढली. चोपन्न वर्षांत जे झालं नव्हतं ते नऊ दिवसांत झालं. कॅप्टनला त्यांनी राक्षस केलं नाही. समुद्र कसा होता, झाकण बंद करणं पहिल्या दिवशी किती गरजेचं होतं, दोनशे माणसं कशी वाचली, हे सगळं लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, सुताराचा प्रश्न, “संध्याकाळी” हा शब्द, हेही लिहिलं. मी टाइप करत होते आणि बाई खोल्याखोल्यांतून फिरत होत्या. इतकं फिरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटल्या बाई. किती भोळी होते मी!

घर ज्याच्या नावावर होतं तो भाचा शनिवारी आला. पन्नाशीचा, विम्याच्या धंद्यातला, अतिशय सभ्य माणूस. घराण्याच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. त्याने माझ्याशी हात मिळवला, माझ्या मुलीची चौकशी केली. मग प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

“आत्या,” तो म्हणाला, “वादळात झाकण बंद करावंच लागतं.”

“हो. लिहिलंय ते.”

“दोनशे माणसं वाचली.”

“तेही लिहिलंय.”

“मग बाकीचं कशाला? उन्हाळ्यात सगळे येणार. मुलं येणार. त्यांच्या टी-शर्टवर चित्र आहे, आत्या.”

“त्या खालच्या लोकांनाही मुलं होती,” बाई म्हणाल्या.

तो माझ्याकडे वळला. आवाज तितकाच गोड. “तुमचे उपकार आहेत. पण शाईखालचं तुम्ही काय वाचलंत कोण जाणे. तुमची भाषाही नाही ही. याला पुरावा म्हणता येणार नाही.”

माझं डोकं फिरलं. “सहा वर्षं नकला केल्यात मी,” मी म्हटलं. “एकही कोर्टातून परत आलेली नाही.”

तो हसला आणि वही उचलली. सुरक्षित राहावी म्हणून बँकेत ठेवतो, म्हणाला. फोटोकॉपी काढून ठेवायचं आम्हाला सुचलं असतं तरी उपयोग नव्हता, त्यात नुसती काळी पट्टी आली असती. जाताना दारात थांबून त्याने बाईंना सांगितलं की प्रकरण घराण्याला चालेल असं झालं तर उत्तम, नाहीतर कागद सांभाळायचं काम संपलंच आहे. आणि या वयात एवढं मोठं घर एकटीने बघणंही बरं नव्हे. त्याच्या गावाला, दुसऱ्या राज्यात, एक चांगली जागा आहे म्हाताऱ्या माणसांसाठी. जून अखेरपर्यंत कळवा, म्हणाला. बाईंच्या गालाचा मुका घेऊन गेला.

म्हणजे बाईंपुढे निवड होती. चार ओळी काढल्या की घर राहत होतं, खिडकी राहत होती, चार वाजताचा चहा राहत होता.

नवरा म्हणाला, “लेट इट गो यार. तिला समजावून सांग. मेलेली माणसं मेली. हिला या वयात होममध्ये टाकतील. कोण बघणार तिला?”

मुलगी शेजारीच होमवर्क करत होती. ती म्हणाली, “बट आई, शी डिड्न्ट डू इट. व्हाय डज शी हॅव टू गो?”

मी तिला होमवर्क संपवायला सांगितलं.

आणि एक कबुली द्यायची राहिली. मी बाईंना समजावलं. मी, आजोबांचं खोडलेलं नाव वाचून काढणारी. दुसऱ्या दिवशी पोहे घेऊन गेले आणि म्हटलं, “राहू द्या ना खोडलेलं. आत्तापर्यंत राहिलंच होतं.” मला त्यांची काळजी होती हे खरं. पण समोरचं घर रिकामं झालं की मी पुन्हा खिडकीत, ही भीतीही त्यात होती.

बाईंनी चमचा खाली ठेवला. “तू सांगतेस हे?”

मी त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

“मी पन्नास वर्षं वर बसून ऐकत होते,” त्या म्हणाल्या. “आवाज थांबलाय, झोपले असतील, असं म्हणत. आणखी नाही.” आणि पोहे संपवले. कॅप्टनना ते आवडले असते की नाही, यावर त्या काही बोलल्या नाहीत.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी भाच्याला दोन ओळींचं पत्र टाकलं. प्रकरण बदलणार नाही, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मला बोलावलं. घरात खोकी होती. टेबल तेवढं जागेवर होतं आणि त्याच्यावर मी टाइप केलेल्या शेवटच्या वहीची एक्केचाळीस पानं.

“तुमच्या कचेरीत नक्कल खरी कशी ठरते?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मुळाशी ताडून पाहिलेली असली पाहिजे. ते काम तुम्ही केलंय. मग प्रत्येक पानाखाली लिहायचं, ‘खरी नक्कल’. खाली सही, सहीखाली हुद्दा, तारीख.

“हुद्दा?”

“म्हणजे सही करणारा कोण. तहसीलदार, नाझर, जो असेल तो.”

“मला कधी हुद्दा नव्हता,” बाई म्हणाल्या. हे त्या तक्रारीने म्हणाल्या नाहीत. फॉर्म भरताना माणूस अडतो, तशा खरोखरच अडल्या होत्या.

“पणती लिहा,” मी म्हटलं. “तोच तुमचा हुद्दा.”

त्या मोठ्यांदा हसल्या. एवढ्या मोठ्यांदा हसता येतं त्यांना हे मला माहीत नव्हतं. मग मशीनवर मी प्रत्येक पानाखाली ‘खरी नक्कल’ टाइप करायची आणि त्या सही करायच्या. सहीखाली ‘पणती’. तारीख. हात दुखायचा, म्हणून दर पाच पानांनी थांबायच्या, बोटं चोळायच्या. मी म्हटलं, राहिलेली उद्या सकाळी करू. त्या नको म्हणाल्या. शेवटच्या पानाशी आल्यावर त्यांनी पेनात पुन्हा शाई भरली. मग डावा हात आडवा ठेवून, परीक्षेत मुली पेपर झाकतात तसा, काहीतरी लिहिलं, ते पान गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली घातलं, सुतळीने बांधलं आणि माझ्याकडे दिलं.

“हे तुझ्याकडे असू दे. आमच्या घरात खोडायची सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याची गाडी आली. बाई पुढच्या सीटवर बसल्या, पाठ ताठ, डोक्यावर हॅट. भाच्याने वाकून त्यांचा पट्टा लावला, दार लावलं. काच वर होती. त्यांनी मला हात केला की काच खाली करायचं बटण शोधत होत्या, मला नक्की सांगता येणार नाही. मी आपला हात केला.

ऑगस्टमध्ये हिरवळीवर तंबू लागले. कुलवृत्तांत छापून झाला होता. मला एक प्रत पाठवली होती, त्यात टायपिस्ट म्हणून माझे आभार होते. शेवटच्या सफरीचं प्रकरण दीड पानाचं. वादळ आलं, वादळ गेलं.

बाईंची दोन पत्रं आली. पहिल्यात जेवणाची तक्रार. दुसऱ्यात लिहिलं होतं की खिडकी उघडत नाही इथली, सुरक्षेसाठी बंद केलेली आहे, आणि मी गाडी चालवायला शिकले का? मी तोवर शिकले नव्हते. शिकले तेव्हा त्यांना भेटायला जायचं ठरवलं, आणि पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात करत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात भाच्याचं कार्ड आलं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, असं लिहिलं होतं. ते वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले, आणि मला माझाच खूप राग आला.

त्या दुपारी मी सुतळी सोडली. चाळीस पानांवर चाळीस सह्या, प्रत्येकीखाली ‘पणती’. सगळ्यात खाली ते शेवटचं पान, एकोणीस जणांचं. ‘खरी नक्कल’, सही, तारीख होती. हुद्द्याच्या जागी मात्र त्यांनी एका शब्दावर भागवलं नव्हतं. एकही अक्षर न खोडता लिहिलं होतं:

“ज्यांनी झाकण उघडलं नाही, त्यांची पणती.”